दिव्यांग कामगाराचा पीएफ: मालकाचा वाटा नीट कसा भरायचा आणि कसा तपासायचा

"ताई, पोराच्या पगारातून अठराशे कापतात आणि शेठ स्वतःचे साडेपाचशेच टाकतात. त्याला बोलता येत नाही म्हणून फसवतात का हो?"

भोसरीच्या एका शेडबाहेर, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, एका आईने मोबाइलवर मुलाचं पीएफचं पासबुक उघडून मला हे विचारलं. मुलाला ऐकू येत नाही. पॅकिंगला आहे, आणि हात असा चालतो की शेजारच्या टेबलावरचे मधूनच थांबून बघतात. शेठ आत काचेपलीकडे बसलेले. त्यांचं पीएफचं चलन मीच भरते, त्यामुळे प्रश्न शेठचा असला तरी उत्तर मलाच द्यायचं होतं.

फसवत नव्हते. पगार १५,००० धरा. कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात आणि पूर्ण पीएफ खात्यात जातात. मालकही १२ टक्केच भरतो, पण त्याच्या १,८०० चे दोन तुकडे होतात. ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ५५० पीएफमध्ये. पासबुकात तीन रकाने असतात. लोक पहिले दोन बघतात, तिसरा पेन्शनचा रकाना मोबाइलच्या पडद्यावर उजवीकडे सरकवल्याशिवाय दिसतच नाही. मी सरकवून दाखवला. त्या बाईंनी पदराने स्क्रीन पुसली आणि १,२५० हा आकडा तीनदा वाचला.

शिवाय मालकाला अर्धा टक्का विम्यासाठी आणि अर्धा टक्का प्रशासकीय खर्चासाठी द्यावा लागतो. तो पासबुकात कुठेच दिसत नाही. त्या विम्यातून, नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. हे सांगायला मालक विसरतात आणि विचारायचं असतं हे घरच्यांना माहीत नसतं.

आता मी कोण ते सांगते, म्हणजे पुढची खडूस वाक्यं समजून घ्याल. डाव्या पायाला पोलिओ, कॅलिपर लावते. १९९७ साली पहिली नोकरी लागली. पगारातून दर महिन्याला पीएफ कापला जायचा, पावतीवर तसं लिहिलेलंही असायचं. साडेचार वर्षांनी नोकरी सोडली आणि पैसे काढायला गेले, तेव्हा कळलं की माझ्या नावाने एक दमडी जमा नाही. तेव्हा ऑनलाइन पासबुक नव्हतं. वर्षाची स्लिप मालकाकडे यायची आणि ती मागायची माझी हिंमत नव्हती. 'बसून करण्याजोगं काम दिलंय' हे उपकार रोज ऐकत होते ना. ते पैसे गेले ते गेलेच. त्यानंतर मी हा धंदाच शिकले. आज चाकणपासून हडपसरपर्यंतच्या छोट्या कारखान्यांचं पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगार विमा, बघते.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत आहे. तिच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. तिकडे २०१४ च्या कायद्याने 'एबल' नावाची खाती आली. अपंग माणसाच्या नावाचं बचत खातं, त्यात घरचे भरतात, तो स्वतः भरतो, आणि मालकालाही भरता येतं. मुख्य सोय अशी की तिकडच्या एसएसआय या सरकारी मदतीला एरवी २,००० डॉलर साठवले तरी कात्री लागते, पण एबल खात्यातले १ लाख डॉलरपर्यंतचे पैसे त्या हिशोबात धरत नाहीत. तिने मला विचारलं, पुण्यात असं काय आहे? वेगळं खातं काहीच नाही. आहे तो आपला पीएफ, ईएसआय, आणि मालकाच्या मनात असेल तर एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान आहे, पण त्याची उत्पन्नाची अट इतकी खाली आहे की बरा पगार सुरू झाला की ते हातचं जातं. म्हणून तर पगाराबरोबर येणारा हा मालकाचा वाटा पक्का झाला पाहिजे. एका हाताने सोडलेलं दुसऱ्या हाती पडायला हवं.

तर मालकांनो, सुरुवात कामावर घेण्याच्या दिवसापासून करा. आणि पहिली गोष्ट म्हणजे त्याला 'ट्रेनी' म्हणू नका. हे मी सगळ्यात जास्त बघितलंय. दिव्यांग मुलगा घेतला की "सहा महिने शिकू दे", मग आणखी सहा महिने, आणि तीन वर्षांनीही तो स्टायपेंडवरच. अप्रेंटिस कायद्याखाली रीतसर नोंदवलेला शिकाऊ उमेदवार पीएफच्या बाहेर असतो, हे खरं. पण नुसतं तोंडी ट्रेनी म्हटल्याने कोणी बाहेर जात नाही. २० माणसांचा कारखाना कायद्यात आला की पीएफ पहिल्या दिवसापासून, पहिल्या पगारापासून. ठेकेदारामार्फत आणलाय? तरी हात झटकता येत नाहीत. ठेकेदाराने भरलं नाही तर मूळ मालकाच्या गळ्यात येतं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर मालक आणि कामगारांच्या संमतीने स्वेच्छेने पीएफ लावून घेता येतो. हडपसरच्या माझ्या एका शेठने ९ माणसांवर लावून घेतलाय, कारण त्याचा स्वतःचा भाऊ त्यात आहे.

मग कागद. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण दहातली आठ प्रकरणं पैशासाठी अडत नाहीत, नावाच्या स्पेलिंगसाठी अडतात. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, बँकेत बापाचं नाव मधे नाही, आणि यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्रावर, आडनावात एक 'ए' जास्त. कामावर घ्यायच्या आधी हे चारही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त, बाकी सगळं आधारच्या मागे. यूडीआयडी नसेल तर ऑनलाइन अर्ज करून औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ससूनमध्ये तपासणी होते. ४० टक्के किंवा जास्त असं प्रमाणपत्र असलं की बहुतेक सवलतींचं दार उघडतं.

मोबाइल नंबर त्याचा स्वतःचा हवा. मामाचा नको, सुपरवायझरचा तर मुळीच नको. आधारला तोच, बँकेला तोच, पीएफला तोच. ज्याच्या हातात ओटीपी त्याच्या हातात खातं. पिंपरीच्या एका वर्कशॉपमध्ये पाच मूकबधिर मुलांना एकाच सुपरवायझरचा नंबर लावलेला सापडला. माणूस सज्जन होता, 'त्यांना फोनवर बोलता येत नाही म्हणून' असं त्याचं म्हणणं. अहो, ओटीपी वाचायचा असतो, ऐकायचा नसतो! पुढे तो सुपरवायझर नोकरी सोडून गावी गेला आणि पाच खाती अडकली. ती सोडवायला मला जूनपासून गणपती उजाडले.

बँक खातंही त्याच्या नावाचं. बँकेत "दिसत नाही तर चेकबुक देता येणार नाही" किंवा "सही येत नाही तर घरच्यांना घेऊन या" असं कोणी म्हणालं तर न भांडता लेखी मागा. दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक आणि एटीएम कार्डासकट सगळ्या सोयी द्यायच्या, असं रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच बँकांना बजावलंय. अंगठा चालतो, आणि हातच नसतील तर पायाचा अंगठाही चालतो. लेखी मागितलं की बहुतेक वेळा आतून कोणीतरी मोठा साहेब बाहेर येतो आणि काम होतं.

कामावर घेताना पीएफचा फॉर्म ११ भरतात. त्यात दिव्यांग आहे का असा रकाना आहे आणि पुढे तीनच पर्याय: हालचाल, दृष्टी, श्रवण. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार, इथे तीन. बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम असलेल्या मुलाला त्यात जागाच नाही. म्हणून मग बरेच जण 'नाही' ठोकून मोकळे होतात. मी फॉर्मच्या प्रतीला यूडीआयडीची झेरॉक्स टाचते आणि कारखान्याच्या रजिस्टरमध्ये नोंद करून ठेवते. तसंही ज्या आस्थापनेत २० किंवा जास्त माणसं आहेत तिथे दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवणं त्या कायद्याने आलंच.

नवीन यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, आता सरकारच्या उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढावा लागतो, ऑगस्ट २०२५ पासून. चेहरा गोलात धरायचा आणि डोळे मिचकवायचे. पूर्ण अंध असलेल्या एका मुलीचा यूएएन काढताना मी अकरा वेळा प्रयत्न केला. तिला गोल दिसत नाही, ॲप बोलत नाही, आणि पापणी अर्धीच मिटते. शेवटी शेडचं शटर वर करून तिला उजेडाकडे तोंड करून बसवलं, मागे पांढरा पुठ्ठा धरला, फोन मी हातात न धरता डब्याला टेकवून ठेवला, तेव्हा जमलं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन केवायसी, म्हणजे ओळख पटवण्याची पद्धत, दिव्यांगांना वापरता आली पाहिजे, तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असा निकाल दिलाय. तो निकाल ॲपपर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. तोवर पुठ्ठा जवळ ठेवा.

आता किती भरायचं. इथे मालकांची हुशारी चालते. पगार १६,००० आणि त्यात बेसिक ६,०००, बाकी 'विशेष भत्ता', 'धुलाई भत्ता' वगैरे. पीएफ फक्त ६,००० वर. दिव्यांग कामगार प्रश्न विचारणार नाही या भरवशावर हे त्याच्यावर जास्त सर्रास होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्येच स्पष्ट केलं की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता हा बेसिकचाच भाग आहे. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या कामगार संहितांमध्ये, भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा असं आहे. तेव्हा ती धुलाई आता पुरे.

उलट ज्याला खरंच काही जास्त द्यायचंय त्याने हे करावं: पगार १५,००० च्या वर असेल तर कायद्याची मर्यादा १५,००० ची आहे, तिथे न थांबता पूर्ण पगारावर १२ टक्के भरावेत. १८,००० पगारावर मालकाचा वाटा २,१६० होतो. माणूस आधीपासून पेन्शन योजनेत असेल तर १,२५० तिकडे आणि ९१० पीएफला. आयुष्यातली पहिलीच पीएफ नोंदणी १५,००० च्या वरच्या पगारावर होत असेल तर तो पेन्शन योजनेत येत नाही आणि पूर्ण २,१६० पीएफमध्ये पडतात. कोणतं बरं? मला विचाराल तर दिव्यांग माणसासाठी पेन्शन योजना हलकी समजू नका. एरवी १० वर्षं नोकरी लागते, पण नोकरीत असताना कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर ती अट नाही, एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पेन्शन बसते. आणि एक जाता जाता, पालकांसाठी: आई किंवा वडील या योजनेचे सदस्य असतील आणि मूल कायमचं, पूर्णपणे अपंग असेल, तर त्यांच्या मागे त्या मुलाला २५ वर्षांपर्यंत नाही, आयुष्यभर पेन्शन आहे. किती घरांना हे माहीतच नाही.

व्याजाचं म्हणाल तर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के. बँकेच्या एफडीला ते जमत नाही.

ईएसआयमध्ये एक खड्डा आहे, तो मी दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या पगारपत्रकात बुजवते. साधारण कामगार २१,००० पगारापर्यंत ईएसआयमध्ये असतो. दिव्यांग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. पगारवाढ झाली, २१,५०० झाले, की सॉफ्टवेअर त्याला गपचूप बाहेर काढतं, कारण दिव्यांग असल्याची नोंद कोणी केलेलीच नसते. मालकाचे ३.२५ टक्के वाचतात, कामगाराचे ०.७५ वाचतात, आणि बिबवेवाडीच्या किंवा चिंचवडच्या ईएसआय रुग्णालयात जायचा हक्क जातो. ज्याला महिन्याला फिटची गोळी लागते त्याला हा सौदा परवडत नाही. पगारवाढ देताना नोंद तपासा.

सरकारी मदतीबद्दल मालक सगळ्यात आधी विचारतात, म्हणून मी ती मुद्दाम उशिरा सांगते. २००८ मध्ये केंद्राने योजना आणली: १ एप्रिल २००८ नंतर घेतलेल्या, महिना २५,००० पर्यंत पगाराच्या दिव्यांग कामगाराचा पीएफ आणि ईएसआयमधला मालकाचा वाटा पहिली तीन वर्षं सरकार भरेल, असं तेव्हा ठरलं. मी माझ्या शेठ लोकांना सांगते, पीएफच्या क्षेत्रीय कार्यालयात आजच्या अटी विचारून अर्ज जरूर घाला, मिळालं तर सोन्याहून पिवळं. पण दर महिन्याच्या १५ तारखेचं चलन तुम्हालाच भरायचंय असं समजूनच माणूस घ्या. सवलतीसाठी घेतलेला माणूस सवलत संपली की नकोसा होतो.

एनपीएस थोडक्यात. कंपनी नोंदणीकृत असेल तर कामगाराच्या टियर १, म्हणजे मुख्य पेन्शन खात्यात मालक भरू शकतो, आणि नव्या करपद्धतीत पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंतची ती रक्कम कामगाराच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते. बावधन-बाणेरच्या आयटीवाल्यांना याचा उपयोग जास्त. त्यांनी हेही लक्षात ठेवावं की दिव्यांगांना करपात्र उत्पन्नातून मिळणारी वजावट (जुनं कलम ८०-यू), म्हणजे ७५,००० आणि तीव्र अपंगत्वाला १,२५,०००, फक्त जुन्या पद्धतीत मिळते. ये-जा करण्याचा भत्ता मात्र दृष्टी, श्रवण किंवा पायांचं अपंगत्व असलेल्यांना दोन्ही पद्धतींत ठरावीक मर्यादेपर्यंत करमुक्त आहे. एनपीएसमधून मधेच पैसे काढायचे तर फक्त स्वतः भरलेल्यातले २५ टक्के निघतात, मालकाने भरलेल्याला हात लागत नाही. भोसरीच्या पॅकिंगवाल्याला मी एनपीएस सुचवत नाही. त्याला पैसा अडीनडीला हाताशी हवा.

त्या बाबतीत पीएफ बरा. श्रवणयंत्र, व्हीलचेअर, तीनचाकी असं साधन घ्यायला दिव्यांग सदस्याला आगाऊ रक्कम काढता येते, असं ६८-एन हे कलमच होतं: सहा महिन्यांचं बेसिक, स्वतःचा व्याजासकट वाटा, किंवा साधनाची किंमत, यांत जे सर्वात कमी तेवढं, आणि तीन वर्षांतून एकदा. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने अशी १३ कलमं एकत्र करून तीन गट करायचा निर्णय घेतला. तेव्हा अर्ज करताना जुना कलम क्रमांक पाठ करून जाऊ नका, पोर्टलवर त्या दिवशी जो पर्याय दिसेल तो वाचा. माझं नवं कॅलिपर मी असंच घेतलं. दुकानदाराचं कोटेशन आणि डॉक्टरची चिठ्ठी जोडली होती.

नामनिर्देशन ऑनलाइन करा, आणि लग्न झालं की परत करा, कारण लग्नानंतर आधीचं रद्द होतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे पालक इथे एक गोष्ट गृहीत धरतात, की आपण कायम पालकच. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने तसं राहत नाही. ज्याला व्यवहार समजतो त्याने स्वतःच सही करावी, कितीही वाकडी असो, तो त्याचा हक्क आहे. ज्याला खरंच आधार लागतो त्याच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचं प्रमाणपत्र काढा. त्याची समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. बँका ते मानतात. पण बापाने मुलाचा पीएफ स्वतःच्या खात्यात वळवायला ते प्रमाणपत्र नाही, हे मी दोन बापांना तोंडावर सांगितलंय. एक अजून बोलत नाही.

शेवटी तपासणी, जी मी १९९७ मध्ये केली नाही. दर महिन्याच्या २० तारखेला पासबुक बघायचं. स्मार्टफोन नसेल तर पीएफला जोडलेल्या मोबाइलवरून एसएमएस करा: इंग्रजी अक्षरांत ई-पी-एफ-ओ-एच-ओ, जागा सोडून यू-ए-एन, जागा सोडून एम-ए-आर, आणि पाठवायचा ७७३८२९९८९९ ला. एम-ए-आर म्हणजे मराठी, उत्तर मराठीत येतं. मिस्ड कॉलचीही सोय आहे, पण ऐकू न येणाऱ्याला एसएमएसच सोपा. एखादा महिना रिकामा दिसला तर आधी मालकाला विचारा, चलन उशिरा गेलं असेल. दोन महिने रिकामे दिसले तर ऑनलाइन तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफ कार्यालयाचं 'निधी आपके निकट' हे शिबिर भरतं, तिथे समोरासमोर बोलता येतं. गोळीबार मैदानाच्या किंवा आकुर्डीच्या पीएफ कार्यालयात जायचं झालं तर ऐकू न येणाऱ्या मुलाच्या हातात आधीच लिहिलेला कागद द्या: नाव, यूएएन, कोणते महिने रिकामे, काय हवंय. चार ओळी, मोठ्या अक्षरात. खिडकीवरच्या माणसाला हातवारे कळत नाहीत, कागद कळतो.

त्या आईला मी हे सगळं सांगत होते तेव्हा मुलगा चहाच्या सुट्टीत बाहेर आला. आईने त्याच्यासमोर मोबाइल धरून १,२५० वर बोट ठेवलं. त्याने मान हलवली, स्वतःचा फोन काढला आणि मला एसएमएस दाखवला. तो गेले आठ महिने दर महिन्याला शिल्लक मागवत होता. घरी कोणी विचारलंच नव्हतं.